डिंकाने चिकटवलेली नावं

उस्ताज इद्रिस माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत. तोंडाकडे बघत, आणि समोरचा हसेपर्यंत थांबत. पहिल्या भेटीत माझा समज झाला की या गृहस्थांना कमी ऐकू येतं आणि ते ओठ वाचतात. म्हणून मी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "माय नेम इज महेश शिंदे. फ्रॉम पुणे." (गाव करमाळ्याकडचं. पण परदेशात आमच्या भागातल्या प्रत्येकाचं गाव पुणे असतं.) त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरचा डावा, दुसरा दात. खुंटीसारखा बारीक आहे. आईकडून आला की वडिलांकडून?"

दोह्याच्या त्या डेंटल लॅबमध्ये नोकरीला लागून मला वीस मिनिटं झाली होती. पगार, रजा, राहायची सोय यांवरच्या प्रश्नांची तयारी करून आलो होतो. दाताच्या घराण्याची नव्हती केली. मी म्हटलं, माहीत नाही. तर ते अशा नजरेने बघायला लागले की जणू मला आईचं नावच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी न राहवून गावी फोन लावला. आई म्हणाली, "मला न्हाई रं, तुज्या आज्जीला व्हता तसला. का? कुणी इचारलं?" आता सुदानच्या एका म्हाताऱ्याने विचारलं हे तिला कसं सांगायचं! दुसऱ्या दिवशी मी उस्ताजांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून एक वही काढली, माझ्या आजीची त्यात नोंद केली आणि त्या दिवसापासून मला घरचा माणूस धरलं. आम्ही सगळे त्यांना उस्ताज, म्हणजे गुरुजी, म्हणायचो; ते मला "या झोल" अशी हाक मारत. त्यांच्या सुदानी अरबीत त्याचा अर्थ "अरे माणसा". हे कळेपर्यंत मी आठवडाभर मनातून त्यांच्यावर चिडून होतो.

आमचं काम असं. दवाखान्यांतून पेशंटच्या दातांचे ठसे यायचे. आम्ही त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचो आणि त्या साच्यांवर कवळ्या, कॅपा बसवून परत पाठवायचो. पेशंट आम्हाला दिसत नसे. दिसायची ती नुसती तोंडं, आणि त्यांवर एक नंबर. वर्ल्ड कप कतारला मिळाल्यापासून या तोंडांना पूर आला होता. स्टेडियमवर, मेट्रोवर, बंदरावर काम करायला अर्धं जग येऊन उतरलं होतं, आणि त्यातल्या ज्याचा दात दुखे त्याचा ठसा फिरत फिरत आमच्या टेबलावर येई. आमचे सुपरवायझर जोसेफसाहेब, केरळचे, या गर्दीने कावून जात. उस्ताज मात्र सणासुदीसारखे खूश. एकेक साचा उजेडात धरत, भिंगातून बघत आणि जाहीर करत, हा हबशी डोंगरातला, हा समुद्रकाठचा, याची आजी नक्की नाईलवरची.

नंबरावरून जोसेफसाहेब फॉर्म शोधत. डोंगरातला हबशी निघे तमिळनाडूचा. नाईलवरची आजी निघे काठमांडूची. उस्ताजांवर त्याचा काडीचा परिणाम होत नसे. "माझा अंदाज पक्का असतो," ते म्हणत, "फक्त खात्री नसते." हे वाक्य ते दिवसातून चार वेळा म्हणत आणि मला चारही वेळा कळत नसे. ज्याची खात्री नाही तो अंदाज पक्का कसा? पण ते इतक्या गंभीरपणे म्हणत की विचारायचा धीर होत नसे.

ते उंच होते आणि काटकुळे. कागदावर वय साठ. पण कागद खोटा आहे, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. हिंदी, इंग्रजी आणि अरबी यांची खिचडी करून बोलत, आणि शुक्रवारी बहिणीला फोन लागला की एका चौथ्याच भाषेत शिरत. ती भाषा आमच्या लॅबमधल्या इजिप्तच्या ड्रायव्हरलाही कळत नसे. इथे मी त्यांना मराठीत बोलवतोय, ते माझ्या सोयीसाठी.

एकदा हमद पोर्टवरून एका क्रेन ऑपरेटरची अर्धी कवळी दुरुस्तीला परत आली. उस्ताजांनी साचा मागवून घेतला. समोरच्या दातांची मागची बाजू फावड्यासारखी खोलगट, दाढेला आतून जादाचा उंचवटा. बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला, "आमच्याकडचा. नदीच्या वरच्या अंगाचा. या वेळी खात्रीही आहे." खात्री म्हटल्यावर आम्ही सगळेच सावरून बसलो. दोन दिवसांनी तो माणूस कवळी न्यायला स्वतः आला. गणपत नाव, नांदेड जिल्ह्यातला, नायगावचा.

"लई टोचायलीय मालक," तो मला म्हणाला. परक्या मुलखात मराठी बोलणारा सापडल्यामुळे त्याच्या अंगात हत्तीचं बळ आलं होतं. "भाकरीचं सोडा, भातबी खाऊ देईना."

उस्ताज उठून त्याच्यासमोर उभे राहिले. मला म्हणाले, विचार, याचा आजोबा कुठून आला होता.

"आजा?" गणपत गोंधळला. "आजा नायगावातच जल्मला न् तिथंच गेला. त्येचा कवळीशी काय संबंद?"

"विचार, नदी आहे का."

"नदी? हाय की. गोदामाय हाय."

मी भाषांतर केलं. उस्ताजांनी समाधानाने मान हलवली. "बघ," ते मला म्हणाले, "नदी आहे." गणपत जाताना माझ्या कानाशी लागला, "म्हातारं बरं हाय न्हवं?" मी त्याला बरं आहे म्हणून सांगितलं. अंदाजाने सांगितलं, खात्री नव्हती.

ही सगळी खुळं कुठून आली, हे मला त्या शहरातल्या खड्ड्यांमुळे कळलं. तेव्हा दोह्यात मेट्रोसाठी, रस्त्यांसाठी जिथे तिथे खोदकाम चालू होतं. सकाळी ज्या रस्त्याने आलो तो संध्याकाळी बंद झालेला असे. नकाशे बिचारे मागे पडत. मी अल अझीझियात राहायचो, उस्ताजही तिथल्याच एका गल्लीत. मी त्यांना गाडीतून आणायचो-न्यायचो, आणि वाटेत नवा खड्डा दिसला की ते हमखास गाडी थांबवायला लावत. कुंपणाच्या फटीतून आत वाकून मातीचे थर बघत उभे राहत. वॉचमन हाकलायला आला की परत येऊन बसत आणि म्हणत, "खणतात सगळे. चाळत कुणी नाही."

एकदा असंच कुंपणापाशी उन्हात दहा मिनिटं उभं राहून माझं डोकं तापलं. मी जरा तिरसटपणे विचारलं, "उस्ताज, तुम्हाला काय सापडायचंय या खड्ड्यात?" ते गाडीत बसले, एसी आपल्या तोंडावर फिरवून घेतला आणि बोलायला लागले.

त्यांचं गाव नाईलच्या काठावर होतं. खाली इजिप्तमध्ये मोठं धरण झालं आणि त्यापायी गाव पाण्यात जायचं ठरलं. त्याआधी घाईघाईने परदेशी संशोधक आले, कारण गावाशेजारी हजारो वर्षांपूर्वीची थडगी होती. उस्ताज तेव्हा विशीत, खोदकामावर मजुरीला. थडग्यांतून कवट्या निघत, आणि एक गोरे साहेब पोलादी चिमट्यासारख्या मापाने त्या मोजत. एक दिवस त्यांनी मजुरांनाही रांगेत बसवलं आणि त्याच मापाने जिवंत डोकी मोजली. उस्ताजांचंही मोजलं. मग तक्ता मांडला. त्यात खाने होते : हे इजिप्तचे, हे त्याखालच्या नुबियाचे, हे आणखी दक्षिणेचे काळे. थडग्यातली माणसं एका खान्यात गेली आणि उस्ताज दुसऱ्यात. ही माणसं वेगळी, साहेब म्हणाले, तुम्ही लोक इथे नंतर आलात.

"ज्या कवट्या मी माझ्या हाताने मातीतून काढल्या," उस्ताज म्हणाले, "त्या माझ्या नाहीत म्हणे. माझ्या आजीने ती थडगी दर ईदला झाडली होती. आम्ही नंतर आलो, तर आधी कोण होतं? आणि ते गेले कुठे?" मग नेहमीचं वाक्य. "ते आमचेच. अंदाज पक्का आहे. फक्त खात्री नाही." त्या दिवशी ते वाक्य मला पहिल्यांदा थोडंसं कळलं.

मी त्यांना सांगितलं की आमचंही जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो आणि वडील तो काठावरून बघून येतात. उस्ताजांनी माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून पहिल्यांदा डोळ्यांकडे बघितलं. म्हणाले, "निदान कळस तरी दिसतो तुमचा."

त्या गोऱ्या साहेबांवर त्यांनी जी मात करायची ठरवली होती, तिचा ऐवज दोन पत्र्याच्या डब्यांत होता. एक चहाचा, एक हलव्याचा. खोदकामाच्या तळावर एक दंतवैद्य होता. त्याच्याकडून मेणावर ठसा घ्यायला शिकून उस्ताजांनी अकरा कवट्यांच्या दातांचे ठसे गुपचूप घेतले आणि त्यांचे साचे केले. ते चहाच्या डब्यात. मग गाव उठायच्या आधी आई, आत्या, मामा, चुलते अशा आपल्या अकरा माणसांचे घेतले. ते हलव्याच्या डब्यात. दोन्हींना मेण एकच आणि पद्धत एकच : फक्त दातांचा ठसा, हिरडी किंवा हाड यांचा भाग तासून टाकलेला. "तुलना करायची तर सारखेपणाने करायची," ते म्हणत. "नाहीतर साहेबात आणि माझ्यात फरक काय?" त्या एका कामापायी ते पुढे खार्टूमला जाऊन दातांचे तंत्रज्ञ झाले आणि तिथून आखातात आले. प्रत्येक साच्याच्या बुडाला कागदाची चिठ्ठी, त्यावर शाईने नाव किंवा थडग्याचा नंबर. चिठ्ठी चिकटवलेली डिंकाने.

या डिंकाबद्दल सांगायला हवं. तिकडे बाभळीचा डिंक उदंड होतो आणि उस्ताज सुट्टीवरून येताना पिशवीभर आणत. एकदा त्यातला थोडा मलाही दिला, पाकिटं चिकटवायला म्हणून. माझ्या बायकोने तो तुपात फुलवून लाडू केले. मी डबा घेऊन गेलो तेव्हा उस्ताजांनी लाडू हातात घेतला, वास घेतला, आणि त्यांना बसायला खुर्ची लागली. "तुम्ही लोक हे खाता?" दोन खाल्ले त्यांनी. तिसरा रुमालात बांधून नेला. पुढे दर वर्षी डिंक आमच्यासाठी दुप्पट येऊ लागला.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. इतका वेळ मी तो टाळत होतो.

आमच्याकडे एकदा डॉ. सलमा आल्या. मूळच्या कैरोच्या, इथे शिकवायच्या. जुन्या माणसांचे दात हाच त्यांचा विषय. विद्यार्थ्यांसाठी त्यांना जबड्यांचे काही नमुने करून हवे होते. इजिप्तची बाई म्हटल्यावर उस्ताज आधी फुरंगटूनच होते, पण तिसऱ्या भेटीत त्यांनी स्वतःहून डबे काढले. बाईंचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, त्या थडग्यांची हाडं आता कुठे आहेत कुणालाच माहीत नाही. पेट्या या संग्रहालयातून त्या संग्रहालयात गेल्या आणि हरवल्या. तुमचे साचे खरे असतील, नावानिशी, नंबरानिशी असतील, तर मी ते तपासून छापीन. काय निघेल ते निघेल, पण छापीन.

उस्ताजांनी विचारलं, "एक ओळ येईल? की ही माणसं आमची होती?"

"तसं निघालं तर येईल."

पंधरा दिवसांनी त्या सगळी सामग्री घेऊन यायच्या होत्या. त्याच पंधरा दिवसांत आमच्या लॅबची जुनी इमारत रस्त्यासाठी पाडायची निघाली आणि आमची वरात अबू हमूरला एका व्हिलाच्या तळमजल्यावर आली. उस्ताज त्या दिवशी व्हिसाच्या कामाला गेले होते. सामान लावताना मला ते दोन डबे दिसले. आतले साचे धुळीने आणि वर्षानुवर्षांच्या हाताळणीने काळवंडलेले. मी मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या बाई बघायला येणार, आणि हे असे दाखवायचे?

आमच्या धंद्यात प्लास्टरचा साचा साध्या पाण्यात बुडवत नाहीत. झिजतो. प्लास्टरच विरघळवून गढूळ केलेलं पाणी असतं, त्यात भिजवतात. म्हणजे दातांची रेघन् रेघ जागच्या जागी राहते. मी अगदी शास्त्रोक्त केलं. टबात ते पाणी घेतलं आणि बावीसच्या बावीस साचे एकदम त्यात सोडून चहाला गेलो. परत येऊन मऊ ब्रशने एकेक घासला आणि वर्तमानपत्रावर ओळीने वाळत ठेवला. पांढरेशुभ्र. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

दुपारी उस्ताज आले. मी म्हटलं, "बघा, कसे नवे झाले!"

त्यांनी एक उचलला, उलटा केला. दुसरा उचलला, उलटा केला. मग विचारलं, "कागद कुठे?"

कागद टबात होते. काही तळाशी, काही वर तरंगत, शाई उतरून कोरे झालेले. दातांची काळजी घेण्याच्या नादात बुडाकडे मी बघितलंच नव्हतं. आणि जो डिंक माझ्या घरी तुपात फुलतो तो पाण्यात विरघळतो, हे मला सुचलं नव्हतं. उस्ताजांनी टबात बोट बुडवून वास घेतला. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या. ते म्हणाले, "माफी मुश्किला." म्हणजे काही हरकत नाही. आखातात हे शब्द माणूस दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. मला ते तेवढे कधीच लागले नव्हते. मी त्यांची आई धुऊन टाकली होती.

हिरडी दिसत असती तर जिवंत कोण आणि मेलेला कोण, हे मीसुद्धा सांगितलं असतं. पण सारखेपणासाठी ती त्यांनीच तासली होती. दात झिजलेले म्हणून जुने म्हणावं, तर गावातल्या म्हाताऱ्यांचेही झिजलेलेच. दगडी जात्याचं पीठ आणि त्यात नदीची वाळू, थडग्यातल्यांचीही तीच आणि यांचीही तीच.

पुढचा आठवडाभर उस्ताज जेवणाच्या सुट्टीत बावीस साचे पुढे घेऊन बसत. डोळे मिटून अंगठा दातांवरून फिरवत. "ही हलीमा आत्या. दाताने दोरा तोडायची, म्हणून ही खाच." मग कपाळाला आठी. "पण चार नंबरच्या थडग्यातल्या बाईलाही खाच होती." आत्या डाव्या बाजूला जाई, उजव्या बाजूला जाई, पुन्हा डावीकडे. ते नेहमीचं वाक्य त्या आठवड्यात मी एकदाही ऐकलं नाही. आईबद्दल मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तिची दाढांची रांग एकाच बाजूला झिजलेली. "दुसरीकडे दुखायचं तिला. चावायची नाही." तो साचा ते बाकीच्यांत ठेवतच नसत, कोटाच्या खिशात ठेवत.

डॉ. सलमा आल्या तेव्हा मीच पुढे होऊन सगळं कबूल केलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखा चेहरा झाला. मग बॅगेतून जुन्या अहवालाच्या पानांची झेरॉक्स काढली. त्यात थडग्यातल्या चार जबड्यांचे जवळून घेतलेले फोटो होते. त्या म्हणाल्या, आधी उस्ताजांनी दोन ढीग करावेत, फोटो मी नंतर दाखवीन. उस्ताजांनी टेबलावर अकरा इकडे, अकरा तिकडे मांडले. शेवटी खिशातली आई काढून घरच्या ढिगात ठेवली, सगळ्यांच्या मधोमध. अकरावी ती.

फोटोंतल्या चारही जबड्यांचे साचे बाईंना सापडले. दातांच्या खाचा आणि मोडके कोपरे जुळवून त्यांनी ते मलाही दाखवले, शंकेला जागा नव्हती. त्यांतले दोन थडग्याच्या ढिगात होते. दोन घरच्या. आणि घरच्यांतला एक म्हणजे उस्ताजांची आई. म्हणजे ती आई नव्हतीच. सातव्या थडग्यातली बाई होती.

जोसेफसाहेब काहीतरी काम आठवून आत निघून गेले. उस्ताज तो साचा हातात घेऊन बसले होते. झिजलेल्या दाढांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "हिलाही त्या बाजूला दुखत असणार."

मला राहवेना. मी बाईंना विचारलं, "मॅडम, म्हणजे झालं काय? ती माणसं एकच की वेगळी?"

त्या थकल्यासारख्या बसल्या. "नदीकाठची माणसं हजारो वर्षं वर-खाली करत होती," त्या म्हणाल्या. "उत्तरेची दक्षिणेला गेली, दक्षिणेची उत्तरेला आली. लग्नं झाली, मुलं झाली. इथे एक संपला आणि इथे दुसरा सुरू झाला, ही रेघ त्या साहेबांच्या कागदावरची आहे. माझा तिच्यावर विश्वास नाही. पण रेघ नाही हे सांगायलाही पुरावा लागतो."

"ओळखता आले नाहीत, हाच पुरावा नाही का?"

"नाही. चारांत दोन बरोबर म्हणजे नाणं उडवल्यासारखं. उस्ताजांना ओळखता आले नाहीत, एवढंच सिद्ध झालं."

"आणि माझी लाळ?" उस्ताजांनी विचारलं. "आता लाळेतून सगळं कळतं म्हणतात."

"तुमचं कळेल. पण जुळवायचं कुणाशी? हाडं हरवली. आणि तिथल्या उन्हात हाडांतला डीएनए फारसा टिकतही नाही." मग त्यांनी अतिशय हळू आवाजात सांगितलं, "ती ओळ मी लिहू शकत नाही, उस्ताज. मला माफ करा."

त्या गेल्यावर मीही माफी मागायला लागलो. उस्ताजांनी हात वर करून थांबवलं. "मला एक सांग, या झोल. मी हरलो का?"

मला खरोखरच कळत नव्हतं. आयुष्यभर ज्या माणसाने म्हटलं की ती आणि आम्ही एकच, त्याला शेवटी त्यांच्यात आणि आपल्यात फरक करता आला नाही. हे हरणं म्हणायचं की काय म्हणायचं? पण त्याच्या आईचा साचा त्या बावीसांत कुठेतरी होता आणि तो कुठला, हे आता जगात कुणीही सांगू शकणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे. मी म्हटलं, "माहीत नाही, उस्ताज." ते म्हणाले, "मलाही नाही." आणि आम्ही दोघं संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून घरी गेलो. वाटेत एक नवा खड्डा लागला. त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं नाही.

काही महिन्यांनी त्यांचा व्हिसा वाढला नाही. कागदावरचं वयसुद्धा आता जास्त झालं होतं. स्टेडियमं उभी राहत आलेली, झेंडे लागायला लागलेले. उस्ताजांना फुटबॉलशी कर्तव्य नव्हतं, पण एक हळहळ मात्र होती. "जगभरची तोंडं इथे येतील," ते म्हणाले, "आणि मीच नसेन!"

शेवटच्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, मेण गरम केलं आणि म्हणाले, "चाव." मी चावलो. त्यांनी प्लास्टर ओतलं, वाळू दिलं, माझ्या हिरडीचा भाग तासून टाकला. आजीचा खुंटीसारखा दात तेवढा नीट आला होता. मी सवयीने पेन्सिल पुढे केली, बुडावर नाव घालायला. त्यांनी ती बाजूला सारली आणि साचा बाकीच्यांत ठेवून दिला. तेव्हा मी बघितलं, चहाचा डबा आणि हलव्याचा डबा दोन्ही रिकामे करून टेबलाखाली ठेवले होते. आता एकच खोका होता.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. काउंटरवर बॅग वजनात जास्त भरली. काउंटरवरची मुलगी, केनियाची असावी, म्हणाली, "अंकल, काहीतरी काढावं लागेल." उस्ताजांनी बॅग उघडली. आधी बूट काढून माझ्या हातात दिले. मग कोट. मग बहिणीसाठी घेतलेलं जाड ब्लँकेट. काटा तरी वरच. मुलीने खोक्याकडे बोट केलं. "हे काय आहे?"

त्यांनी झाकण उघडलं. तेवीस तोंडं, पांढरीशुभ्र, कापसात ठेवलेली. ती दचकून मागे झाली. मग वाकून बघितलं. "कुणाचे आहेत हे?"

मला वाटलं, आता सगळं सांगणार : थडगी, साहेब, धरण, डिंक, मी. उस्ताजांनी त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं, ती हसेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "अहली." ती समजली नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी तिला सांगितलं, घरचे आहेत.

तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बॅग जाऊ दिली. उस्ताज पासपोर्टच्या रांगेत शिरले. मागे वळून बघितलं नाही, कारण त्यांच्या पुढे उभा असलेला कुणी फिलिपिनो माणूस जांभई देत होता आणि ते वाकून त्याच्या तोंडात बघत होते. मी त्यांचे बूट, कोट आणि ब्लँकेट घेऊन तिथे उभा राहिलो. माझा साचा त्यांनी कुणाच्या शेजारी ठेवला होता, ते मला बघायचं राहून गेलं.